बांधावरचा पिंपळ

साहेब,

तुमचं झाड मी काढलं. आधी हेच सांगून टाकते, कारण प्रस्तावना ऐकून घ्यायची तुम्हाला सवय नव्हती. कुणी तुमच्या नावाने झाड लावलं हेच तुम्हाला पटणार नाही, आणि कुठे लावलं ते ऐकलंत तर आहात तिथून उठून याल. मासवणच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आपला मातीचा बंधारा आहे ना, पावसाळ्यात ओढ्याचा लोंढा अडवणारा, त्याच्याच माथ्यावर, अगदी मधोमध. आणि झाड कसलं, तर पिंपळ. तुम्ही गेलात तेव्हा खालच्या पाड्याने बैठक घेतली की साहेबांनी आपला बांध राखला, तर साहेबांची आठवणही बांधावरच पाहिजे. पार बांधला, चुना फासला, हार घातला. प्रेमाने केलं हो त्यांनी. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. मला कळेपर्यंत पिंपळाने चांगलं मूळ धरलं होतं.

मला माझा पहिला दिवस आठवतो. मी नवीकोरी कनिष्ठ अभियंता, बोईसरच्या कॉलनीत वाढलेली, हिरवं दिसलं की खूश होणारी. जीपमधून उतरते आणि म्हणते, "सर, बांधावर झाडं किती छान आलीत." तुम्ही आधी माझ्याकडे बघता, मग आभाळाकडे. "मढं बशिवलं तुझं," तुम्ही म्हणता, "हा बांध हाय का बाग?" ही घाटावरच्या बायकांची शिवी, तुमच्या आईकडून आलेली असावी. या भागात ती दुसऱ्या कुणाच्या तोंडी नव्हती, त्यामुळे लोकांना तिचं भारी कौतुक. मग भर उन्हात तुम्ही मला शिकवलंत. मूळ जिवंत असताना मातीत वाट काढतं, मेल्यावर कुजतं आणि मागे पोकळ नळी सोडून जातं. पाण्याला आयता रस्ता. बांधावर गवत चालेल, गवताहून मोठं काही उगवलं तर उपटायचं. एका वनमहोत्सवात तर पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली नव्हती, तोवर तुम्ही त्यांचं रोप बांधावरून उपटलंत. खुलासा मागवला गेला, तेव्हा लिहून दिलंत की रोप शाळेच्या आवारात हलवलं आहे, तब्येत उत्तम आहे. माझ्या लग्नात तर कमालच केलीत. लोक पातेली, घड्याळं घेऊन आले, तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून कोयता दिलात, झुडपं तोडायला. सासूबाईंनी तो महिनाभर माझ्या हाताला लागू दिला नाही.

तर गेल्या भाद्रपदात बांधाच्या खालच्या अंगाला, बरोबर पिंपळाच्या रेषेत, ओल दिसली. मी झिरपणाऱ्या पाण्याखाली काचेचा ग्लास धरला आणि उन्हात बघितला, तुम्ही बघायचात तसा. स्वच्छ आलं तर चहा प्या, गढूळ आलं तर चहा राहू द्या, असं तुम्ही म्हणायचात. गढूळ होतं. म्हणजे बांध आतून वाहून चालला होता. बांधातली पाणी सोडायची मोरी उघडून मागचं तळं उतरवलं, ओलीवर वाळू-खडीचे थर टाकले आणि तो पावसाळा कसाबसा काढला. रोज सकाळी कोळगावच्या ऑफिसात जायच्या आधी तिकडे जात होते. खालच्या पाड्यातली पोरं मला हात करायची आणि मी आधी ओलीकडे बघून मग त्यांना हात करायचे. पुढच्या पावसाच्या आत पिंपळ मुळासकट निघायलाच हवा होता.

वैशाखात बैठक बोलावली. सरपंच म्हणाले, "मॅडम, दुसरं काय पण सांगा. साहेबांच्या झाडाला हात नाय लावायचा." मी नकाशा दाखवला, मुळं समजावली, नळी समजावली. एक जण म्हणाला, "साहेब हायेत ना वर. ते बगतील बांधाकडं."  तुम्ही तिथे बसून बांध सांभाळताय आणि मी इथे नकाशा धरून उभी. मग तोंडातून निघूनच गेलं, "साहेब माझ्या स्वप्नात आले होते. झाड काढ म्हणाले."

 बांधाखालच्या पहिल्या घरातली म्हातारी पुढे सरकली. "नुसतं काढ म्हणाले?"

"हो."

"मंग ते साहेब नाय. साहेब कवा गोड बोलले?"

सगळ्यांनी माना हलवल्या. म्हातारी म्हणाली, "काय बोलले ते नीट सांग, बाय." समोर सरपंच, गुरुजी, माझा ड्रायव्हर, माझ्या हाताखालची माणसं. माझ्या तोंडातून आजवर 'मूर्ख' हा शब्दसुद्धा निघाला नव्हता. पण ग्लासातलं ते पाणी आठवलं. उठले, तुमच्यासारखं बोट रोखलं आणि सगळा जीव गोळा करून ओरडले, "मढं बशिवलं तुमचं, बांधावर पिंपळ लावता?"

 मग म्हातारीने पदराने डोळे पुसले. "हेच. साहेब आलेले." दुपारपर्यंत कुदळी लागल्या. पिंपळ मुळासकट शाळेमागे नेऊन लावला, पारही तिकडेच नव्याने बांधला. बांधातला खड्डा चिकणमातीचे थर देऊन, पाणी मारून, ठोकून ठोकून भरला. काम चालू असताना म्हातारी माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाली, "सपान पडलं का नाय, मला काय करायचं. पाणी सुटलं तर पयलं माजं घर जाईल. तू आणखी दोन शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं."

यंदा तळं भरलं, जादा पाणी सांडव्यावरून वाहून गेलं, खालचं अंग कोरडं राहिलं. मी ग्लास घेऊन गेले होते, पण धरायला पाणीच नव्हतं. आनंदाने रडू आलं आणि ड्रायव्हरला सांगितलं की डोळ्यात कचरा गेला.

आता पाड्यात गेले की विचारतात, साहेब परत आलेले काय? मी हो म्हणते. काय म्हणाले विचारतात, तेही सांगते. सांडव्यात मासे धरायला जाळी लावू नका म्हणाले, बांधावर गुरं चढवू नका म्हणाले. लोक ऐकतात. माझं कधी इतकं ऐकलं नव्हतं. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, ते घरीच राहील. पण एक तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही गेल्यापासून माझ्या स्वप्नात एकदाही आलेला नाहीत. पाड्यातल्या सगळ्यांना वाटतं तुम्ही माझ्याकडे येता, आणि साहेब, मला त्यांचा फार हेवा वाटतो.