सोनेरी झग्याचा हंगाम

२ नोव्हेंबर १९८७, जामसंडे

दाजीला वेड लागलंय!

दुपारी आम्हा सगळ्या दशावतारी मंडळींना त्याने व्हिडिओवाल्याच्या खोलीत कोंबलं. त्याच्या मेव्हण्याने बोटीवरून कॅसेट आणलीय. एक गोरी गायिका. सोनेरी झगा, गळ्यात हिरे, डोळ्यांवर काळा चष्मा — आणि काळ्या कोटातले बाप्ये तिला उचलून नाचतायत. गाणं सगळं पैशाचं नि गाड्यांचं, मेव्हणा म्हणाला. तो थाटही म्हणे कुठल्याशा जुन्या नटीचा बघून घेतलेला. म्हणजे तिचंही उसनंच!

दाजी कंपनीचा मालक. माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुदासा, यंदा आपली द्रौपदी अशी येतली."

मी हसलो. तो हसला नाही.

५ नोव्हेंबर

झोप उडालीय. मिसरूड फुटायच्या आधीपासून स्त्रीपार्ट करतोय. आमच्या पेटाऱ्यात साडी कधीच नसते. ज्या गावात नाटक, त्या गावच्या बायका आपली लुगडी नेसायला देतात, नाटक संपलं की घडी घालून परत न्यायची. मिठबावची आनंदीबाई तर लग्नातलं हिरवं लुगडं काढते. "माझां लुगडां गुरुदासाच्याच आंगार!" दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. हा एवढाच मान माझा. दुसरं आहे काय माझ्याकडे?

१९ नोव्हेंबर

झगा आला. कसालच्या शिंप्याने शिवलाय. हिरे काचेचे. बोलायचं नाही, गायचं नाही — भोंग्यावर कॅसेट लावणार, आपण चष्मा घालून नुसतं हलायचं. मग मी कशाला? बुजगावणं उभं करा!

बायकोला घालून दाखवला. वाटलं, यशोदा शिव्या घालील. तिने बाही चाचपली. "माका पण असोच कायतरी शिवा."

२० नोव्हेंबर

दाजीला नाही म्हटलं.

२१ नोव्हेंबर

झगा कंपनीतल्या पोरगेल्या सत्यवानाला. मला राक्षस. "चाळीशीच्या द्रौपदीक कोण बघतलो रे?" — दाजी सगळ्यांसमोर बोलला. सत्यवान कालपर्यंत माझे केस विंचरायचा, तोही हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता आशा मिठबावच्या जत्रेची. आनंदीबाई लुगडं घेऊन येईल, मी दिसलो नाही की दाजीची खरडपट्टी काढील. तेवढ्यावर जगतोय.

४ डिसेंबर, मिठबाव

संध्याकाळ झाली. अजून लुगडं घेऊन कुणी आलेलं नाही. येईल.

५ डिसेंबर

झग्याला नोटा टाचून टाचून जागा उरली नाही. माझा राक्षस आला तेव्हा माणसं चहाला उठली.

उजाडताना देवळामागे तोंडाचा रंग पुसत होतो. आनंदीबाई आली! हात मोकळेच. मी उठून उभा राहिलो. ती मला ओलांडून पुढे गेली — झग्यातल्या सत्यवानापाशी. त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"गुरुदासा, इतकी वर्सां तुका माझां जुनेर नेसवलंय रे! आज खरी राणी दिसलंस."

सत्यवानाने चष्मा काढला नाही. ती माझ्याकडे वळली.

"जरा बाजूक सर रे राकसा. माका ह्येचो झगो नीट बघूंदे."

मी सरलो.