नाहीशा होणाऱ्या दाताची तक्रार तूर्त स्थगित ठेवण्याबाबत

प्रति,
माननीय ग्रंथालय अधिकारी,
सार्वजनिक वाचनालय व संगणक कक्ष.

विषय : सामायिक संगणकावरील छायाचित्रातून अर्जदाराचा दात वारंवार नाहीसा होत असल्याची तक्रार स्थगित ठेवणे, आणि येत्या सोमवारी सदर संगणक पुसण्यात येऊ नये याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दाताविषयीचा पूर्वीचा अर्ज.
२) त्यावरून संगणक कक्षाच्या दारावर लावण्यात आलेली आपल्या कार्यालयाची सूचना.

महोदय,

या वाचनालयाचे जुने सभासद आणि प्राचीन भाषांचे निवृत्त अध्यापक, ज्यांना येथील कर्मचारी ‘पंतोजी’ म्हणतात, ते आपल्या सेवेशी सविनय निवेदन करीत आहेत. पुढील मजकुरात त्यांचा उल्लेख ‘अर्जदार’ असा केला आहे. स्वतःविषयी लिहू लागले की मनुष्य वाहवत जातो, आणि कार्यालयीन पत्रात ते शोभत नाही.

१. अर्जदाराने पूर्वीच्या अर्जात अशी मागणी केली होती की, संगणक कक्षातील खिडकीजवळच्या सामायिक संगणकावर त्यांच्या छायाचित्रात कोणी अज्ञात इसम ढवळाढवळ करतो, त्याचा शोध घ्यावा व त्यास कक्षात येण्यास मज्जाव करावा. आपण त्याची तत्काळ दखल घेतलीत. सोमवारी सामायिक कप्प्यातील सर्व संचिका पुसण्यात येतील, आणि त्यानंतर प्रत्येक सभासदास स्वतंत्र परवलीचा शब्द मिळून कोणालाही दुसऱ्याचे काम उघडता येणार नाही, अशी सूचना दारावर लागली आहे. अर्जदाराने आयुष्यात पुष्कळ अर्ज केले, परंतु एकाही अर्जावर इतक्या त्वरेने कार्यवाही झाल्याचे त्यांच्या स्मरणात नाही. नेमकी हीच कार्यवाही होऊ नये, अशी आज त्यांची प्रार्थना आहे. कारणे पुढे निवेदन केली आहेत.

२. छायाचित्र अर्जदाराच्या बालपणीचे आहे. त्यात मूळची चार माणसे होती : उजवीकडे खुर्चीत मातोश्री व त्यांच्यालगत उभे अर्जदार, आणि डावीकडे खुर्चीत वडील व त्यांच्या गुडघ्याशी अर्जदारांचे कनिष्ठ बंधू. वडिलांचे दुसरे कोणतेही छायाचित्र कधी काढले गेले नाही. त्यांच्या पश्चात खोल्या आवरल्या गेल्या त्या दिवशी ही एकमेव प्रत कोणाकडे राहावी याविषयी उभय बंधूंत मतभेद झाला, आणि प्रत मधोमध फाटली. कोणी ओढली याविषयी दोन मते आहेत, आणि तो प्रश्न प्रस्तुत अर्जाच्या कक्षेबाहेरचा आहे. मातोश्रींची बाजू अर्जदाराकडे राहिली. वडिलांची बाजू कनिष्ठ बंधूंनी त्याच सायंकाळी चुलीत घातली, असे अर्जदाराच्या कानावर आले होते, आणि त्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता. तेव्हापासून बोलणे नाही. बाजारापलीकडच्या रस्त्याला राहणारे बंधू केशकर्तनालयात कधी शेजारच्या खुर्चीत आले, तर दोघेही आरशात पाहतात, आणि आरशात गाठ पडल्यास छताकडे.

३. आपल्या कक्षात छायाचित्रे दुरुस्त करण्याचे एक विनामूल्य, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे असे समजल्यावरून अर्जदार तेथे येऊ लागले. फाटलेल्या कडेपलीकडे वडील पुन्हा उभे करता येतील, एवढीच त्यांची आशा होती. संशय मात्र प्रथम दिवसापासून होता. जगभरची अनोळखी माणसे रात्रंदिवस खपून एक वस्तू घडवतात आणि ती कोणालाही फुकट देतात, हे अर्जदाराच्या अनुभवात बसत नव्हते. त्यांनी परवान्याचा मजकूर अथपासून इतिपर्यंत वाचला. तसे करणारे या इमारतीत ते एकटेच, असे कक्ष सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या. देणारा काहीही मागत नाही आणि कशाचीही हमी देत नाही, एवढेच त्यातून निष्पन्न झाले, आणि संशय दुणावला.

सॉफ्टवेअरचे वर्तनही संशयास पोषक होते. कुंचला फिरवावा तर काहीच उमटू नये, कारण आपण चित्राच्या भलत्याच थरावर काम करीत असतो. चित्र जतन करावे तर ते चित्र म्हणून उघडू नये, कारण जतन करणे वेगळे आणि निर्यात करणे वेगळे. उपकरणांची पेटी एकदा अशी अंतर्धान पावली की अर्जदाराने टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिले. बाई म्हणाल्या, “पंतोजी, ती पडत नाही हो खाली.” तरीही मातोश्रींच्या गालावरची घडी जेव्हा पुसली गेली आणि तेथे त्यांची त्वचा दिसू लागली, तेव्हा अर्जदाराने खुर्चीतून उठून त्या यंत्रास मनोमन नमस्कार केला, हेही प्रामाणिकपणे नमूद करणे आवश्यक आहे.

४. आता दाताविषयी. अर्जदारांच्या बालमुखावर ओलीचा मोठा डाग पडलेला आहे. तेथे मूळ काय होते हे छायाचित्रावरून कोणासही सांगता येणार नाही. तो डाग काढून अर्जदाराने मुख नव्याने रेखाटले, आणि मातोश्रींच्याच हास्यातील एक दात प्रतिलिपीच्या उपकरणाने उचलून स्वतःच्या मुखात बसवला. दुसऱ्या दिवशी दात नव्हता. त्यांनी तो पुन्हा बसवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा नव्हता. दाताच्या जागी घाईघाईने खरवडलेले नव्हे, तर मोठ्या निगुतीने रंगवलेले काळे खिंडार होते, आणि हिरडीची कडसुद्धा यथायोग्य होती. त्याच सुमारास कडेपलीकडे अर्जदाराने स्वतःच्या ओळखपत्रावरील मुखावरून रचलेले वडीलही कोणी पुसून टाकले. खुर्ची तेवढी ठेवली. येथे मान्य करावे लागेल की ते वडील अर्जदारासारखेच दिसू लागले होते, आणि अर्जदारांचे वडील अर्जदाराहून पुष्कळ देखणे होते. खुर्ची बरोबर जमली होती.

५. मुक्तस्रोत याचा अर्थ अर्जदाराने असा घेतला होता की, ज्याअर्थी सॉफ्टवेअर घडवणाऱ्या कोणाही परक्यास त्यात दुरुस्ती करण्याची मुभा आहे, त्याअर्थी त्यातून केलेल्या चित्रातही ती असणार, आणि सातासमुद्रापलीकडचा कोणी स्वयंसेवक त्यांचा दात सदोष समजून काढून टाकत असणार. पूर्वीचा अर्ज याच समजुतीने लिहिला गेला. त्या वेळी कक्षाच्या बाईंनी कपाळावर हात मारून जे सांगितले ते शब्दशः असे : “अहो, त्यांनी हत्यार फुकट दिलंय, तुमच्या घरात शिरायची किल्ली नाही घेतली. आणि एवढ्या मोठ्या जगात तुमच्या दातात कुणाला रस असणार, पंतोजी?”

प्रश्न उपहासाने विचारला गेला असला तरी अर्जदार त्याच प्रश्नाने रात्री दोनदा उठून बसले.

६. त्यानंतर अर्जदाराने जागेवर लक्ष ठेवले. ते सकाळी येतात आणि दुपारच्या आत घरी जातात. रोज सकाळी त्यांना खुर्ची उंच केलेली आढळे, म्हणजे दुपारी बसणारा इसम त्यांच्याहून उंच असावा. संगणकाचा माउस रोज डाव्या हाताला सरकवलेला असे, म्हणजे इसम डावखुरा असावा. कक्षात डावखुरे किती येतात, असे अर्जदाराने विचारता बाई म्हणाल्या, “मी कुणाचे हात बघत बसत नाही. पण दुपारचे ते काका डाव्या हाताने काम करतात. सभ्य आहेत, तुमच्यासारखे टेबलाखाली शोधत नाहीत. पहिल्या दिवशी दुकानाची पाटी करायला आले होते. सॉफ्टवेअर उघडलं तर आदल्या माणसाचं चित्र समोर आलं, ते बघून पाटी राहिलीच. बसून राहिले नुसते.”

अर्जदार उठले. छत्री तेथेच विसरून ते घरी गेले.

७. पूर्वीच्या अर्जात एक बाब नमूद करण्याचे कारण पडले नव्हते, ती आता करणे भाग आहे. सदर दात मूळ छायाचित्रात नव्हता. ज्या सकाळी छायाचित्र काढले त्याच सकाळी तो पडला होता, किंबहुना पाडण्यात आला होता. हलणाऱ्या दातास दोरा बांधून दोऱ्याचे दुसरे टोक दाराच्या मुठीस अडकवले होते, आणि कनिष्ठ बंधूंनी सर्व ताकदीनिशी दार आपटले होते. मातोश्री आधी बंधूंना रागे भरल्या आणि मग पदर तोंडाशी धरून त्या हसल्या. छायाचित्रातील त्यांचे हसू त्याच प्रसंगाचे आहे. ही हकीकत ठाऊक असणारी माणसे चारच होती. दोन आज नाहीत. तिसरे अर्जदार.

हे सर्व घरी सांगितले असता अर्जदारांच्या पत्नी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “म्हणजे कळलंय तुम्हाला कोण ते. मग जाऊन विचारा की सरळ. दातासाठी सरकारदरबारी अर्ज करता, आणि भावाच्या दारापर्यंत पाय जात नाहीत होय?” अर्जदाराने उत्तर दिले की संशय आहे, खात्री नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “खात्री झाली तर तुम्ही जाणारच नाही. संशय आहे तोवर काहीतरी आशा आहे.” अर्जदार हे विधान विचारार्थ सादर करीत आहेत. त्याच्याशी सहमत आहेत असे नव्हे.

८. खात्री नसण्याची कारणेही होती. जगात उंच आणि डावखुरी माणसे पुष्कळ. बंधूच असतील, तर हा नवा कुरापतीचा प्रकार कशावरून नसेल? म्हणून अर्जदाराने परीक्षा पाहण्याचे ठरवले. त्यांनी दात बसवला नाही. खिंडार तसेच ठेवले, आणि कडेपलीकडची राखाडी चौकटींची रिकामी जागा, जी या सॉफ्टवेअरमध्ये ‘येथे काहीही नाही’ याची खूण असते, तीही तशीच सोडून ते घरी गेले.

काल सकाळी त्या रिकाम्या जागेत एक मूठ होती.

मूठ लहान मुलाची, डावी, घट्ट मिटलेली. रेखाटलेली नव्हे, जुन्या कागदावरून कक्षातील स्कॅनरने उतरवून घेतलेली. कागदाचा पिवळेपणा मातोश्रींच्या बाजूच्या पिवळेपणाशी मिळताजुळता, आणि बोटांच्या फटीतून दोऱ्याचे टोक बाहेर आलेले. छायाचित्रकाराने परोपरीने सांगूनही कनिष्ठ बंधूंनी त्या दिवशी मूठ उघडली नव्हती. “दादाचा दात आहे, देणार नाही,” असे ते म्हणत राहिले, आणि अखेरीस वडील म्हणाले, “राहू दे रे त्याच्याकडे.” मिटलेल्या मुठीनिशीच छायाचित्र निघाले. ज्या कागदावर ती मूठ होती तो कागद चुलीत गेलेला नाही, असा यावरून निष्कर्ष निघतो.

अर्जदाराने मग मुठीवरची रिकामी जागा न्याहाळली. मुठीच्या वर गुडघा असणार, गुडघ्याच्या वर कोट, आणि कोटाच्या वर वडिलांचे मुख. आलेली आहे ती मूठच. उरलेले देण्यापूर्वी तिकडील इसमही बहुधा अर्जदाराची परीक्षा पाहत असावा. त्याचा स्वभाव पाहता हे संभवते. अर्जदारांच्या स्वभावाविषयी तिकडे काय मत आहे, याची कल्पना अर्जदारास आहे.

९. सोमवारी संगणक पुसला गेल्यास मूठ जाईल, आणि तिच्यामागचा तो जुना कागद तिकडे पुन्हा एखाद्या पेटीत बंद होईल. संचिका पेनड्राइव्हवर घरी नेता येईल, असे बाईंनी सुचवले. ते खरे आहे. परंतु दुपारी येणाऱ्यास ती तेथे सापडणार नाही, आणि दोन माणसांना दोन परवलीचे शब्द मिळाले की एकाला दुसऱ्याचे चित्र उघडता येणार नाही. बोलणे जेथे बंद आहे तेथे हा सामायिक कप्पा हीच एक वाट उरली आहे, आणि ती अर्जदाराच्याच अर्जावरून बंद होत आहे. तरी नम्र विनंती की :

अ) सामायिक कप्पा तूर्त पुसू नये व खिडकीजवळचा संगणक परवलीच्या शब्दाविना ठेवावा. कार्यालयास एखाद्याच संगणकाचा अपवाद करणे गैरसोयीचे असल्यास, तो संगणक नादुरुस्त असल्याचे जाहीर करावे. अर्जदार कोणास काही सांगणार नाहीत.

आ) दुपारी येणारे गृहस्थ कोण, याची चौकशी करू नये, आणि कोणी केलीच तर निष्कर्ष अर्जदारास कळवू नये.

इ) खुर्ची उंच राहिली तरी चालेल, माउसही डावीकडेच राहू द्यावा. अर्जदारांचे पाय जमिनीस टेकत नाहीत, पण सवय होईल.

ई) त्या गृहस्थांना हा अर्ज दाखवू नये. बाईंच्या टेबलावर तो दुपारभर उघडा पडून राहिल्यास मात्र अर्जदारांची हरकत नाही.

पूर्वीच्या अर्जामुळे आपल्या कार्यालयास झालेल्या श्रमांबद्दल अर्जदार खेद व्यक्त करतात. सॉफ्टवेअर घडवणाऱ्या अज्ञात स्वयंसेवकांवर घेतलेला दातचोरीचा संशय ते बिनशर्त मागे घेत आहेत. फुकट का देतात, हा संशय कायम आहे.

सोमवारपूर्वीच्या आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, उर्फ पंतोजी

स्थळ : संगणक कक्ष, खिडकीजवळचे आसन
दिनांक : सूचनेनंतरचा शुक्रवार

सोबत : छायाचित्राची अर्जदाराकडील बाजू, मूळ प्रत, एक. आजवर ती अर्जदाराने कोणाच्याही हाती दिलेली नाही. कृपया ती स्कॅनरच्या काचेवर, फाटलेली कड डावीकडे येईल अशी ठेवावी, आणि शेजारची जागा मोकळी सोडावी. पावती नको.