माझ्या नावाची दुसरी बाई

३ मार्च, सोमवार
कायम होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नाही! बारा वर्षं दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी उकळतेय. साहेब म्हणे, कागदोपत्री तुम्ही परगावच्या बिस्किट कारखान्यात आहात. मी? महिनाअखेर खुलासा द्या, नाहीतर जागा दुसरीला.

४ मार्च
नवरा म्हणतो, नजरचूक असेल, गप्प बस. गप्प बसून ह्याने आजवर काय मिळवलं?

६ मार्च
कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटाकडे गेले. कुणीतरी तुमचे कागद वापरतंय म्हणाला, आणि निस्तरायचे पाच हजार मागितले. तशीच उठले. आमच्या धुलाईघरातली फाटक्या चादरी शिवणारी म्हणाली, कोर्टाच्या मागच्या दारी दर गुरुवारी फुकट सल्ला देतात. मी म्हटलं, फुकटात काय डोंबल मिळणार! तर म्हणते, "जाऊन तर बघ. तोंड काय, इथेही चालवतेसच."

१३ मार्च, गुरुवार
दोन तास रांग. वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाची. छदामही घेतला नाही! दोन अर्ज लिहिले — एक कारखान्याला, एक पोलिसांना — आणि सावकाश वाचून दाखवले. पोच घेतल्याशिवाय हलू नका म्हणाली. चौकीत हवालदार म्हणे उद्या या. मी बाकावर फतकल मारली. पोच घेऊनच उठले.

२० मार्च
कारखान्याचं उत्तर आलं. ती बाई रोज मशीनवर अंगठा लावते, एक दिवस चुकत नाही. मला हसूच फुटलं. सोड्याने माझी बोटं पार गुळगुळीत झालीत! आमचं मशीन मला ओळखतच नाही, म्हणून मुकादम माझी हजेरी वहीत घेतो. वकीलबाईने स्वतःच्या कचेरीतल्या मशीनवर दहादा अंगठा लावायला लावला. दहाही वेळा लाल दिवा. "मावशी, ह्याहून पक्का पुरावा नाही," म्हणाली. वहीची नक्कलही जोडली.

२७ मार्च
जिंकले! साहेबाने स्वतः हातात पत्र दिलं — कायम! बसा म्हणाला. बसते कशाला, चादरी उकळत होत्या. घरी येताना एजंटाच्या दुकानावरून मुद्दाम हळू चालले. नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं. मग देवापाशी ठेवलं.

२ एप्रिल
पोलिसांना ती बाई सापडली. वकीलबाईने फोटो दाखवला. माझी धाकटी बहीण. तिने तिच्या नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलं, त्यानंतर काही कळलं नाही — मेली असंच धरलं होतं आम्ही. तक्रार पुढे न्यायची का, वकीलबाई विचारत होती.
मी म्हटलं, "आधी तिचा पत्ता लिहून दे."