पोलिक्सेनीबाईंचं क्रियापद

३ नोव्हेंबर
आलं पत्र! यान्नेना शहरातल्या चर्चमध्ये कोझ्मासची बदली मंजूर. पंधरा तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं. बत्तीस वर्षं या डोंगरातल्या गावाचा पाद्री आणि पाद्र्याची बायको — पुरे झालं! लगेच तिथे राहणाऱ्या वायियाला फोन. पोरीला सातवा महिना लागलाय. किंचाळलीच — "आई, म्हणजे बाळ तूच सांभाळणार!"
कोझ्मास मात्र अंगणात लाकडं फोडत बसला. फोडलेलीच परत फोडत होता.

५ नोव्हेंबर
आज प्रार्थनेला सात माणसं. आम्हा दोघांना धरून.

७ नोव्हेंबर
येत्या रविवारी गावाचा निरोप घ्यायचा. त्याने वचन निवडलं — सदा प्रार्थना करा, खचू नका. मी म्हटलं, "निघालेल्या माणसाला बरं सुचलं हे!" तर म्हणतो, "मागे राहणाऱ्यांसाठी आहे ते, फ्रोसो." मग 'खचणे'साठी वचनात असलेला मूळ शब्द एकटाच पुटपुटत बसला — एक्काकीन, एक्काकीन. जुनं ग्रीक त्याचं कच्चंच. शाळेत पोलिक्सेनीबाईंनी त्यापायीच त्याचे कान पिळले होते. आता अर्थही त्यांनाच विचारणार म्हणे.

८ नोव्हेंबर
बाईंकडे गेलो. शहाऐंशी वर्षांच्या, पाय मोडल्यापासून चुलीजवळच्या खाटेवर. मी सूप नेलं होतं. क्रियापदाचं नाव काढताच बाई उठून बसल्या, जाडजूड कोश मांडीवर!
"खचणे? गाढवा, पाद्री झालास तरी धडा अर्धाच! शब्दाच्या पोटात 'काकोस', म्हणजे 'वाईट' बसलंय, दिसत नाही? जुना इतिहासकार काय लिहितो — मदत पाठवायचं ठरलं होतं, त्यांनी पाठवली नाही. तिथे हे क्रियापद. थकणं नव्हे ते. अंगावर घेतलेल्या कामात वाईट ठरणं!"
अठ्ठावन्न वर्षांचा माझा नवरा, कान लाल करून उभा. बाईंचा असा राग आला! सूप आपटून ठेवलं, निघाले. दारातून परत फिरले — त्यांची शाल खांद्यावरून घसरली होती.

९ नोव्हेंबर
 जेवताना कोझ्मास विचारतो — "फ्रोसो, मी थकलोय, की वाईट वागतोय?"
"म्हातारा होतोयस. जेव."
हसला. सगळं सूप दाढीत.

१२ नोव्हेंबर, रविवार
निरोपाचं बोललाच नाही! म्हणाला, "मी थकलोय. तुम्हीही थकलात. थकायला मनाई नाही. मी इथेच आहे." संपलं. कॅफेवाला योर्गिस डोळे पुसत म्हणाला, "पाद्रीबाबा, दर रविवारी एवढंच बोलत जा!"
घरी येऊन मी ताटं आदळली. "मला विचारलंस?"
"नाही. चुकलं. आता विचारतो."
 माझी पोर वाट बघतेय तिकडे. तो नको म्हणाला, तर मी काय म्हणू?

१४ नोव्हेंबर
बाईंशी भांडायलाच गेले, एकटी. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "त्या वचनात साधाच अर्थ आहे गं. धीर सोडणे. कोझ्मासचं बरोबर होतं. मीच खोटं रेटलं. तुम्ही दोघं गेलात, तर मी —"  मी त्यांचे केस विंचरून दिले.
"काय म्हणाल्या बाई?" कोझ्मासने विचारलं.
"अर्थ नीट पाठ कर म्हणाल्या."
बदलीला नकाराचं पत्र मीच टपालपेटीत टाकून आले.