आक्कांनी मागितलेला पाळणा

उमापूर,
७ फेब्रुवारी

चि. सौ. बबितास शिवकन्याआक्काचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

आपली संस्कृती बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी खुशाल हायेत. नाकावरून भांडण सुरू हाय. जावई म्हणतात त्यांचं, मी म्हणते माझ्या आईचं.

फोनवर मागितलं तर तुला नको म्हणायला अवघड जाईल, म्हणून लिहिते. आईनं धारूरच्या बाजारातून आणलेला सागवानी पाळणा तुझ्याकडं हाय. त्यात मी निजले, जीवन निजला, संस्कृती निजली. बारशाला तो मिळंल का? जावयांनी बॅटरीवर हलणारा, आपोआप गाणं म्हणणारा पाळणा आणलाय. पोरगी त्यात डोळे वटारून पडती, झोपत न्हाई. पण तुझं मन धजत नसंल तर नको म्हण, मी राग धरणार न्हाई.

जीवन मेंढरांमागं जेवण विसरतो, त्याला बायकोच्या हक्कानं न्हाई तर माझ्या, बहिणीच्या वतीनं दटाव.

तुझी माया धरून असलेली,
आक्का

सिरसाळा,
११ फेब्रुवारी

ती. आक्कांच्या पायाशी बबिताचा नमस्कार. वि. वि.

नातीची खबर ऐकून शेजारी गूळ वाटला.

पाळणा तुळईला तसाच टांगलेला हाय. दोन वर्षांमागं तापानं आमचं बाळ गेलं, तवापासून तुमच्या भावानं तो उतरवायचं कितींदा काढलं, मी उतरवू दिला न्हाई. रांजण गेला, उतरंडीची मडकी गेली, तो तेवढा राह्यला. दुपारी मी त्याच्याखाली वाकळ टाकून पडते. वारा आला की कड्या किणकिणतात, वरचं चिमणाळं फिरतं, त्यातल्या लाकडी पोपटांच्या सावल्या भिंतीवरून उडत जातात. अर्धवट झोपेत दोरी हातात येती. वाटतं, घर पाण्यावर तरंगतंय आन वर कुणीतरी शांत निजलंय. डोळे उघडायचं जिवावर येतं.

पाळणा न्या, तो तुमचाच हाय. मी मात्र बारशाला यायची न्हाई. मागं एका बारशात मी पुढं झाले तर बायकांनी बाळाच्या तोंडावर पदर ओढला. संस्कृतीच्या लेकीवर माझी सावली नको.

राग नसावा, लोभ असावा.
तुमची बबिता

उमापूर,
१५ फेब्रुवारी

चि. सौ. बबितास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र संस्कृतीनं माझ्या हातातून घेऊन वाचलं. मग म्हणाली, मामी येणार नसंल तर पाळणा नको आन बारसं पण नको. तिच्या सासूबाईंनी विचारलं, कावून हट्ट धरतीस, तर तिचं एकच. मामी येईस्तोवर पोरगी मांडीवरच राहील म्हणती. बाळंतिणीला किती ताटकळत ठेवायचं ते तू ठरव. मी तर रोज रस्त्याकडं बघते.

वाट बघणारी,
आक्का

सिरसाळा,
२६ फेब्रुवारी

ती. आक्कांस बबिताचा नमस्कार. वि. वि.

बारशाहून आमी सुखरूप घरी पोचलो. तुमी पुरणात गुंतला होता, म्हणून एक गोष्ट तुमाला दिसली न्हाई. पाळणा बांधून झाल्यावर मी दाराशी जाऊन उभी राह्यले. संस्कृतीच्या आत्तेसासू, जानकीबाई, बाळ घ्यायला पुढं झाल्या. संस्कृतीनं त्यांना हातानं थांबवलं, उठून माझ्यापर्यंत चालत आली आन लेक माझ्या हातांत ठेवली. मग जानकीबाईंनीच बाजूला होऊन मला वाट दिली, आन मी बाळाला पाळण्यात निजवलं.

आता तुळई मोकळी हाय. काल दुपारी घरात पडवेना, म्हणून मेंढरांमागं माळावर गेलते. तुमचे भाऊ बघतच राह्यले. उन्हात बसल्या बसल्या माझ्या तोंडून आमच्या बाळाचं नाव निघालं. तो गेल्यापासून आमी दोघांनी ते घेतलं नव्हतं. धुळाजी, आक्का. आमी धुळू म्हणायचो. तुमीही आता पत्रात त्याला नावानं आठवत जा.

मायेची सावली अशीच राहू द्या.
तुमची बबिता