तारा म्हणजे मीच

३ जून
शिल्पाच्या प्रकाशकाला आता नायक-नायिका पुरेनात. कॉलेजातल्या पोरापोरींचं प्रेम चार पुस्तकांत दळून झालं. आता बाजूच्या पात्रांवर छोट्या कादंबऱ्या हव्यात. पहिली कोणावर, ते वाचक ऑनलाइन मत देऊन ठरवणार. हॉस्टेलची वॉर्डन की तारा आंटी?
तारा म्हणजे शेजारची बाई, नायिका जिच्याकडे रडायला जाते. करारी. सुती साड्या. मीच. भाचीने आत्यावर लिहिलं तर नवल काय!
बशीत चहा ओतून पिते आणि भाजीवालीला आत बोलावून पाणी देते, ही लेखिकेची कल्पनाशक्ती.

४ जून
संकल्प: पुस्तक होईपर्यंत शिल्पाच्या इंग्रजीत चुका काढायच्या नाहीत.

५ जून
काढल्या. पहिल्याच पानावर अकारण स्वल्पविराम होता, माझा नाइलाज झाला.

९ जून
कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर प्रचार. तारा मीच, असं स्पष्ट लिहिलं. वंदनाचा लगेच फोन, बशीत चहा कधीपासून प्यायला लागलीस? सिस्टरने पाहिलं असतं तर बशी डोक्यात घातली असती, म्हणे. नल्लकुंट्यासारख्या शिकल्यासवरल्या वस्तीत राहून हिची अक्कल आहे तिथेच आहे. पण मत दिलं.

२० जून
तारा जिंकली! वॉर्डनचा पार धुव्वा.
कुसुमवहिनीला सांगितलं, तर हौ का वन्सं, लई छान झालं म्हणाली आणि कढीपत्ता निवडत बसली. शिल्पाची सख्खी आई, पण लेकीचं एक पुस्तक वाचलेलं नाही. इंग्रजी येत नाही, हे कारण.

२३ जून
शिल्पाने विचारलं, आत्या, ताराला जुनं प्रेम हवंय, काही सुचतं? कसं आडून विचारलं पोरीने!
सगळं सांगितलं. ऑफिसातला हर्षवर्धन. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर ठेवलेली उस्मानिया बिस्किटं. नागपूरची बदली. काचीगुडा स्टेशनवर गाडी हलताना ‘पोचलो की लिहीन’ म्हणाला, ते. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. शिल्पा फोनवर टिपून घेत होती.
टपाल खात्याचा तेव्हा भोंगळ कारभार होता, हेही टिपायला लावलं.

१४ ऑगस्ट
प्रकाशनाला नेसायची साडी ठरली. फॉल नवा लावून घेतला. भाषण इंग्रजीत करीन. छोटंच.

६ ऑक्टोबर
पुस्तक आलं. अर्पणपत्रिका: आईला, माझ्या ताराला.
जाब विचारला. शिल्पा म्हणाली, तारा आईच ना गं! बशीत चहा आपल्या घरात कोण पितं?
मग मी कोण? वॉर्डन?
छे, वॉर्डन अगदी वेगळी. तुला घेतलंच नाही, आत्या. तू चुका काढत बसली असतीस.
पुढे म्हणाली, तुझा स्टेशनचा किस्सा मात्र ताराला फार शोभला. चालेल ना?
चालेल म्हणाले. कॉन्व्हेंटचे शिष्टाचार हाडात मुरलेत, त्याला मी काय करू?
साडी कपाटात ठेवली.

८ ऑक्टोबर
शिल्पाचा हुकूम: आईला मराठीत सांगत सांगत वाचून दाखव, तुझं इंग्रजी फर्स्ट क्लास आहे. साफ नकार देणार आहे.

९ ऑक्टोबर
वाचायला बसले. वहिनी बशी घेऊन समोर. बिस्किटांपाशी लाजली. मला असं कोणी नव्हतं बाई, लेकीने फुकटात मिळवून दिला, म्हणाली. हसली मेली.
स्टेशन आलं. गाडी सुटली. वहिनीने बशी खाली ठेवली. मग आला का हो वन्सं, तो परत?
पुढच्याच पानावर येतो. बिस्किटांचा डबा घेऊन, रिक्षातून, थेट बरकतपुऱ्यात, ताराच्या दारात.
मी पुस्तक मिटलं. म्हटलं, नाही आला. पत्रसुद्धा नाही. संपलं.
वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागली.
तिला काय झालं रडायला?