सोपानाचं हसणं

रविवार, ४ डिसेंबर १९६०. पौड

जीपच्या शर्यतींचा हंगाम सुरू झाला. भुकूमच्या खाली, भात काढलेल्या खाचरांतून. क्लबच्या मेजरसाहेबांनी झेंडा खाली केला आणि पहिल्याच बांधाला कासारसाईची गाडी आमच्या बगलेत शिरली. मी पण सोडलं नाही. दुसऱ्या बांधाला तिच्या पुढच्या चाकाला धडक देऊन तिला ओढ्यात घातली. शर्यत संपल्यावर त्यांचा ड्रायव्हर साखळी घेऊन अंगावर आला. माझ्या धाकट्या भावानं, दत्तूनं, त्याला आडवा पाडला आणि तोंडावर मारत सुटला. एक दात माझ्या बुटाशी येऊन पडला. मेजरसाहेब ओरडत होते, हा क्लब आहे, आखाडा नाही. आखाड्यात नियम असतात हे त्यांना कोण सांगणार.

दुसरे आलो. पहिला सोपाना, भुकूमचा. बैलगाड्यांच्या शर्यतीत त्याच्यापुढं कोणी जात नाही हे ठीक, पण जीप त्यानं या पावसाळ्यात घेतली आणि मला मागं टाकतो. मी लष्करात ड्रायव्हर होतो. जेवण गेलं नाही.

हौसानं शर्ट भिजत घालताना रक्त कुणाचं म्हणून विचारलं. आपल्या घरातलं नाही म्हणालो.

बुधवार, ७ डिसेंबर

नागडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय, दिवसभर तेच. (मिलिटरीच्या लिलावातली जीप, टप, काच, सगळं काढून टाकलं म्हणून लोक नागडी म्हणतात. मेजरसाहेबांना हा शब्द चालत नाही.)

दत्तूला म्हटलं, आता लग्न ठरलंय, लटक्याचं काम सोड. मागच्या दांडीला धरून वळणावर अंग बाहेर टाकायचं, हात सुटला म्हणजे संपलं. तर म्हणतो, "मग गाडी उलटाया लागली की कोन लटकनार, वैनी?" हौसा आतून म्हणाली, लटकेन की, तुमच्यापेक्षा जड हाय. धाकटा भाऊ असा असला की रागावता येत नाही.

रविवार, १८ डिसेंबर

दत्तूचा पाय गेला.

मंगळवार, २० डिसेंबर

लिहितो. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

नेऱ्याच्या अलीकडं ओढ्याचं वळण. नागडी चिखलात रुतली. दत्तू उतरून मागनं रेटत होता. सोपाना मागनं आला. अंतर भरपूर होतं, थांबता आलं असतं, कडेनं काढता आलं असतं. मी उभा राहून दोन्ही हात हलवले. तर त्यानं आणखी दाबली. इंजिन किंचाळलेलं सगळ्यांनी ऐकलं. दत्तू दोन गाड्यांच्या मध्ये सापडला. आवाज वाळलं लाकूड मोडल्यासारखा आला. गाडी मागं घेतली तेव्हा पाय चामडीला लोंबत होता.

पुण्याला नेईपर्यंत शुद्धीत होता. एकच धरून बसला. "हसला रं दादा. मला ठोकताना हो हो करून हसला." खोटं नाही. मीपण पाहिलं. मागं रेलून, सगळे दात काढून.

गुडघ्याखालून कापावा लागला. सही मी केली.

यापुढं त्या माणसाचं नाव या वहीत लिहिणार नाही. सो. पुरे.

रविवार, १ जानेवारी १९६१

सो. म्हणाला म्हणे, "आडवा आला, ठोकला. शरयत हाय का खेळ?" भुकूमकरांनी त्याला खांद्यावर घेतलं. संध्याकाळी आमच्याकडचे काठ्या घेऊन गेले, तिकडून कुऱ्हाडी निघाल्या. दोघांची डोकी फुटली, एकाची बोटं गेली. फौजदारानं येऊन दोन्हीकडच्यांना झोडपलं. दत्तूचं काय, तर अपघात. तसं लिहून घेतलं आणि गेला.

सो.च्या घरासमोर मी बराच वेळ उभा होतो. दार उघडलं नाही.

शुक्रवार, १३ जानेवारी

दत्तू घरी आला. त्याच्या पाठोपाठ नेऱ्याहून मुलीच्या मामाचा निरोप: सध्या थांबू. म्हणजे मोडलं. दत्तूनं ऐकून घेतलं, मग पितळेचा तांब्या भिंतीवर इतक्या जोरात हाणला की चेपला. हौसानं तो उचलून ठेवला.

मला जवळ बोलावून म्हणाला, "धरनातल्या शेवटच्या शरयतीत तू त्याला ठोकनार का न्हाई?"

ठोकणार म्हणालो.

"माज्या गळ्याला हात लाव."

लावला. गळ्याखाली नाडी उडत होती. संध्याकाळी त्यानं आपण होऊन कुबडी मागितली. आजवर तिच्याकडं बघत नव्हता.

रविवार, ५ फेब्रुवारी

शर्यतीत सो.ला ठोकायला गेलो आणि मधे भलताच आला. त्याची गाडी उलटली, माझ्या दोन बरगड्या गेल्या. सो. वाचला. मेजरसाहेब म्हणाले, आणखी एकदा असं केलंस तर धरणावर उतरू देणार नाही. बरं म्हणालो. श्वास घेताना दुखतं. दुखू दे.

दत्तू रोज कुबडीवर पौडाच्या पुलापर्यंत जाऊन येतो. काखेत सालटी निघालीत. धरणावर चालत जायचं म्हणतो, कुणाच्या खांद्यावर नाही.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

शेवटच्या शर्यतीपर्यंत धीर धरवेना. दुपारी जॅकची टॉमी, ती लोखंडी दांडी, पोत्यात गुंडाळली आणि भुकूमच्या रस्त्याला घाणेरीच्या जाळीत बसलो. तो पेंढ्याची गाडी घेऊन एकटाच येतो हे माहीत होतं. डोक्यात मारायची की गुडघ्यावर, एवढंच ठरायचं होतं. गुडघ्यावर ठरवलं.

आला. मी उठणार तेवढ्यात वळणावरून ट्रक आला, कर्कश भोंगा, आणि बैल उधळले. गाडी सरळ माझ्या अंगावर. सो.नं दोन्ही पाय पुढच्या दांडीवर रोवले, अंग पार मागं टाकलं, कासरा छातीपर्यंत ओढला. सगळे दात बाहेर. आणि तोंडानं, "हो, हो, हो, हो."

बैल माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले. त्यांचा फेस माझ्या शर्टावर उडाला.

मी त्या तोंडाकडं बघतच राहिलो. तेच तोंड. तोच आवाज. बैलांना थांबवायला म्हणतात ते हो हो, आणि आम्ही दोघं भाऊ दोन महिने त्याला हसणं म्हणत होतो.

तरी मारला. टॉमीनं नाही, हातानं. नाक फुटलं. त्यानं हात उचलला नाही. मी विचारलं, त्या दिवशी पाय कुठं होता तुझा?

रस्त्यातच बसला. "रोवला. दोनी पाय रोवलं. डावा फळीवर पडला, उजवा त्या आक्शिलेटरवर. मी वडतुया, गाडी थांबंना. जेवढा जोर लावतुया तेवढी पळतीया. बिरेक हाय हेच ध्यानात न्हाई आलं."

मग लोकांना का नाही सांगितलंस, म्हटलं. तर रक्ताळलेल्या हातानं माझं मनगट धरलं. "मुद्दाम केलं म्हनू दे लोकान्ला. ह्येला गाडी थांबवता येत न्हाई, आसं कुनाला म्हनू नगंस. आमच्या घरात आजवर कुनाच्या हातनं बैल सुटलं न्हाईत."

म्हणजे राक्षस म्हटलं तर चालेल, कच्चा गाडीवान म्हटलेलं चालणार नाही. माझ्या भावाचा पाय गेला आणि याला स्वतःच्या नावाची पडलीय. आणखी मारावंसं वाटलं. मारायला हात उचललाही, पण आता मारून काय होणार होतं. कुणाला सांगू नको म्हणून वचन मागत होता. दिलं नाही. नाही असंही म्हणालो नाही.

शनिवार, २५ फेब्रुवारी

दत्तूला नुसतं म्हटलं, समज, त्याच्याकडून चुकून झालं असलं तर?

कुबडी फेकून मारली. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. हौसा हळद घेऊन धावली. दत्तू जमिनीवर पडला होता, उचलू देत नव्हता, चावला मला. मग एकदम शांत झाला आणि म्हणाला, "आन मग मी कुनाला मारू, दादा?"

चेष्टा केली म्हणालो. अशी चेष्टा कोण करतं.

रविवार, १२ मार्च

सोपानाचं परत तेच झालं. (नाव लिहिलं. असू दे.) समोर म्हातारा आला आणि हा मागं रेलला, पाय रोवले. गाडी माणसांच्या रांगेत घुसली. म्हाताऱ्याचा खांदा निखळला, एक शेरडू चाकाखाली गेलं. लोक म्हणतात काय छातीचा गडी आहे, माणसं दिसली तरी गाडी दाबतो. टाळ्या वाजवल्या.

गर्दी पांगल्यावर गाठला. धरणावर उतरू नको म्हटलं. "न्हाई उतारलो तर दत्तूच्या भावाला भ्यालो म्हनतील." मग पाय ताब्यात ठेव. "ठिवतो की. पर भ्या वाटलं की पाय माजं ऱ्हात न्हाईत, आज्याचं हुत्यात."

घरी येताना त्या बोलण्यावर विचार करत होतो. पाय बदलणार नसतील तर गाडी बदलायची.

मंगळवार, ४ एप्रिल

दत्तू हौसाबरोबर तिच्या माहेरी गेलेला बघून सोपानाला जीप आणायला सांगितलं. शहाण्यानं ती बैलांनी ओढत आणली, वर पेंढा टाकून.

पायातला ॲक्सिलेटर काढूनच टाकला. तार वर घेऊन स्टिअरिंगच्या दांडीला जोडली, हातानं ओढायची. क्लच डावीकडं कोपऱ्यात सरकवला. ब्रेकला या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड केली. आता कुठलाही पाय रोव, कसाही रोव, लागणार ब्रेकच. बैलगाडीची दांडीच दिली म्हणायची.

मागच्या माळावर घेऊन गेलो. वेग आल्यावर त्याच्या कानात मोठ्यानं ओरडलो. दचकला, रेलला, रोवले. जीप जागच्या जागी गरकन आतल्या अंगाला फिरून उभी राहिली आणि मी बॉनेटवर. सोपाना हसला. खरं हसणं असं आहे होय याचं: तोंड मिटून, आवाज न करता, मान खाली घालून. पोरीसारखं.

घरी परतल्यावर तो बैलांना पाणी दाखवायला ओढ्यावर गेला तेवढ्यात दत्तू दारात. लवकर परत आले होते. जीप ओळखली त्यानं. खाली पडलेली हत्यारं बघितली, मी आडवा होऊन पट्टीखाली शिरलेलो.

"बिरेकची नळी कापलीस?"

मी पट्टीखालून बाहेर आलो.

"पानी लागस्तवर थांबायची न्हाई आता." कुबडी टाकून माझ्या गळ्यात पडला. "दादा, मी तुला काय काय बोललो." रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताला ग्रीस होतं, शर्टावर उमटलं. सांगायचं होतं. नाही सांगितलं.

आज पोटभर जेवला. हौसाला म्हणाला, वैनी, आणखी वाढ.

रविवार, ९ एप्रिल. धरण. बॉनेटवर वही ठेवून

पाणी खूप खाली गेलंय. बुडालेल्या खाचरांचे बांध उघडे पडलेत, त्यांच्यावरूनच शर्यत. शेवटचं वळण पाण्याच्या कडेला, खाली ढासळलेला काठ. सकाळी पहिल्याच फेरीत दोघं तिथून खाली गेले. एकाला काढलं ते तोंडात चिखल भरलेलं, हात उलटा झालेला. डाग पुसायलाही थांबले नाहीत, पुढची फेरी लावली.

आता आमची. माझी नागडी, शेजारी सोपाना, पलीकडं कासारसाईवाले, अजून साखळी गळ्यात घालून बसलेत.

दत्तू चालत आला. खरंच, कुणाच्या खांद्यावर नाही. आणि जाऊन त्याच शेवटच्या वळणाच्या आतल्या बांधावर बसला. मी धावत गेलो, इथं नको म्हणालो, वर खडकावर बस. "का? त्याला बिरेक न्हाई. त्यो सरळ पान्यात जानार. मी आतल्या अंगाला हाय, मला काय हुतंय? मला त्याचं त्वांड बघायचंय हसताना."

ब्रेक आहे. त्या काठाला सोपाना भिणार, रेलणार, पाय रोवणार. आणि ब्रेक लागला की ती गाडी आतल्या अंगाला फिरते, मी स्वतः पाहिलंय. बरोबर तिथंच दत्तू बसलाय.

हलवायचा तर खरं सांगायला पाहिजे. सांगितलं तर परत विचारेल, मग मी कुनाला मारू. या खेपेला उत्तर माहीत आहे: मला मार.

सोपानाला म्हटलं, शेवटच्या वळणाला हळू घे. म्हणाला, "तुजी पट्टी हाय की." मान खाली घालून हसला.

मेजरसाहेबांची पहिली शिट्टी झाली. तिसरीला झेंडा पडतो. इथून बांधापर्यंत पळत गेलो तर पोचेन, पण मग नागडी इथंच राहील आणि सगळी म्हणतील, ऐन वेळी भ्याला.

दुसरी.

दत्तूनं मला बघितलंय. कुबडी वर करून हलवतोय. डिसेंबरपासून पहिल्यांदा एवढा खुशीत आहे.